पोराचं अपेंडिक्स फुटलंय का? रक्ताचा रिपोर्ट तासांच्या हिशेबाने वाचण्याची रीत

मुलांच्या अपेंडिक्सची ठरलेली वाट अशी: आधी बेंबीभोवती दुखतं, भूक मरते, एक-दोन उलट्या होतात, अंग तापतं, आणि काही तासांत दुखणं उजवीकडे खाली सरकून तिथंच ठाण मांडतं. मूल वाकून चालतं, उडी मार म्हटलं तर मारत नाही. बेळगाव सीमाभागातल्या खानापूरच्या जंगलपट्टीत असो की निपाणी-चिक्कोडीकडे, घरातला पहिला अंदाज बहुधा ‘बेंबी सरकली’ हाच असतो. मग पोट चोळणं, एरंडेल, गरम पाण्याची पिशवी. यातलं काही करू नका. एरंडेलानं आतड्याची हालचाल वाढते, आणि चोळण्यात जे तास जातात तेच पुढं महागात पडतात.

अपेंडिक्स नुसतं सुजलेलं असेल तर ते साधं. कुजलं, फुटलं, भोवती पू झाला किंवा गोळा धरला तर गुंतागुंतीचं. साध्या प्रकारात रात्री सलाईन आणि अँटिबायोटिक लावून सकाळी ऑपरेशन केलं तरी चालतं, आणि तालुक्याच्या गावातला सर्जनही ते करू शकतो. गुंतागुंतीत मुलांचा सर्जन, लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर आणि वेळ पडली तर आयसीयू हे सगळं एका छपराखाली लागतं. म्हणजे खरा प्रश्न असा असतो: इथंच थांबायचं, की आत्ता रात्रीच बेळगाव नाहीतर कोल्हापूर गाठायचं? रक्ताची तपासणी या प्रश्नाला मदत करते. अपेंडिक्स आहे की नाही, हे ती ठरवत नाही. ते पोटावरचा अनुभवी हात आणि सोनोग्राफी ठरवतात.

रिपोर्ट वाचताना सगळ्यात मोठी चूक होते ती आकडा एकटा वाचण्याची. दुखणं सुरू होऊन किती तास झाले, हे शेजारी लिहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आधी घड्याळ

डॉक्टरकडे जाण्याआधी एका कागदावर लिहा: दुखायला कधी लागलं, पहिली उलटी कधी, शेवटचं पोटभर खाणं कधी, ताप कधी आणि किती, कुठलं औषध किंवा इंजेक्शन कधी दिलं. ‘काल रात्रीपासून’ हे उत्तर पुरत नाही. दुखणं शाळेतून आल्यावर सुरू झालं की जेवताना, की पहाटे धार काढायच्या वेळी, असं आठवलं की तास बरोबर सापडतात. सरकारी दवाखान्यात कन्नड बोलणारी सिस्टर असेल तर तिचाही पहिला प्रश्न हाच असतो: ‘होट्टी नोवु यावाग चालू आत्री?’ पोटदुखी कधी सुरू झाली.

पहिल्या १२ तासांत रक्त जवळजवळ नॉर्मल दिसू शकतं. २४ तासांनंतर फुटण्याची भीती वाढत जाते आणि ४८ तास उलटले की फुटलेलंच असेल असं धरून चालावं. पाच वर्षांखालच्या मुलांना हे घड्याळ लागू नाही. पोटातल्या अवयवांवर पदरासारखी पसरणारी चरबीची झालर त्यांच्यात आखूड आणि पातळ असते, ती फुटलेल्या जागेला लपेटून बंद करू शकत नाही. शिवाय मूल नीट सांगू शकत नाही. त्यामुळे या वयात निदान होईपर्यंत निम्म्याहून अधिक मुलांचं अपेंडिक्स फुटलेलं असतं.

आणखी एक फसवी खूण: फुटल्यावर आतला दाब सुटतो आणि तासभर मुलाला बरं वाटतं. आई-वडील सुटकेचा श्वास सोडतात. मग पोट फुगतं, ताप चढतो, आणि दुखणं सगळ्या पोटभर पसरतं.

एकाच टोचण्यात काय काय

मुलाला पुन्हा पुन्हा टोचायचं नसेल तर पहिल्याच वेळी दोन नळ्या भराव्यात. जांभळ्या झाकणाच्या नळीत सीबीसीसाठी (रक्तपेशींची मोजणी), आणि लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत सुमारे २ मिली रक्त सीआरपी (शरीरातली जळजळ दाखवणारं प्रथिन), सोडियम-पोटॅशियम, बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारं) यांच्यासाठी. जांभळी नळी खुणेपर्यंतच भरायची. लहान मुलांसाठी अर्धा ते एक मिलीची वेगळी नळी मिळते, ती वापरा. मोठ्या नळीत चार थेंब टाकले तर नळीतलं गुठळी रोखणारं औषध जास्त आणि रक्त कमी होतं, पेशी आकसतात आणि आकडे बिघडतात. भरल्याबरोबर नळी हलक्या हातानं आठ-दहा वेळा उलटी-सुलटी करायची. बारीक गुठळी झाली की पेशी कमी मोजल्या जातात.

सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त कधीच काढू नये. तसं झालं की नाही हे रिपोर्टवरूनच कळतं: हिमोग्लोबिन अचानक कमी, कमी सोडियमची बाटली असेल तर सोडियमही कमी आणि डेक्स्ट्रोजची असेल तर साखर आभाळाला. असा रिपोर्ट फेकून दुसऱ्या हातातून नवं रक्त काढा. रडणाऱ्या मुलाच्या बारीक शिरेतून जोर लावून ओढलेलं रक्त फुटतं, म्हणजे सीरम लालसर दिसतं. मग पोटॅशियम खोटं वाढतं आणि बिलिरुबिनवर विसंबता येत नाही.

त्याच सुईच्या थेंबावर ग्लुकोमीटरनं साखर पाहून घ्यावी. मुलांचा मधुमेह पहिल्यांदा पोटदुखी आणि उलट्यांनीच प्रकट होऊ शकतो, आणि त्यात कुठलंही इन्फेक्शन नसताना पांढऱ्या पेशी २० हजारांवर जाऊ शकतात. या एका थेंबानं नको ते ऑपरेशन टळतं.

सीबीसी: जुन्या डॉक्टरांची टीसी-डीसी

टोटल काउंटसमोर, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एकूण आकड्यासमोर, ‘हाय’ असा शेरा दिसला की घरचे घाबरतात. बहुतेक लॅबच्या छापील कागदावर ४,००० ते ११,००० ही मोठ्या माणसांची मर्यादा असते. मुलांची वेगळी. एक वर्षाच्या बाळात ६,००० ते १७,५००, चार वर्षांत ५,५०० ते १५,५००, सहा वर्षांत ५,००० ते १४,५००, दहा वर्षांत ४,५०० ते १३,५०० हे सगळं नॉर्मलच. रडणं, उलटी, धावपळ यांनीही काउंट वाढतो. शिवाय टोटल काउंट अपेंडिक्सच्या सुरुवातीलाच वाढतो आणि फुटल्यावर फार वेगळा दिसेलच असं नाही. म्हणून साधं की गुंतागुंतीचं हे ठरवायला तो एकटा कच्चा आहे.

त्यापेक्षा न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींच्या दोन प्रकारांचं प्रमाण काढा. न्यूट्रोफिलच्या टक्क्याला लिम्फोसाइटच्या टक्क्यानं भागायचं. ७८ आणि १५ असेल तर ५.२, आणि ८६ आणि ८ असेल तर १०.८. इन्फेक्शन जोराचं असलं की न्यूट्रोफिल वाढतात आणि शरीरावरच्या ताणानं लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे भागाकार दोन्ही बाजूंनी वाढतो. निरनिराळ्या अभ्यासांतून साधारण ४.७ च्या वर अपेंडिक्सचा संशय आणि ८.८ च्या वर गुंतागुंतीचा संशय, असे आकडे पुढं आले आहेत. दगडावरची रेघ म्हणून ते घेऊ नका. चार-पाच वर्षांखाली लिम्फोसाइट मुळातच जास्त असतात, तिथं भागाकार ४ आला तरी दुर्लक्ष करू नये.

इथं मशीनची एक खोच आहे. छोट्या लॅबमध्ये बऱ्याचदा तीन भागांत मोजणारं मशीन असतं. ते लिम्फोसाइट, ‘मिड’ आणि ग्रॅन्युलोसाइट एवढंच सांगतं, न्यूट्रोफिल वेगळे काढत नाही. काचपट्टी करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला सांगा. त्यात कोवळे न्यूट्रोफिल, म्हणजे बँड सेल, जास्त दिसले तर तंत्रज्ञानं तसं लिहून द्यावं. त्या एका ओळीचं मोल कुठल्याही महागड्या तपासणीइतकं आहे.

सीआरपी: सगळ्यात कामाचा आणि सगळ्यात चुकीचा वाचला जाणारा

सीआरपी यकृतात तयार होतो. शरीरात जळजळ सुरू झाल्यावर सहा-आठ तासांनी तो चढायला लागतो आणि ३६ ते ५० तासांच्या सुमारास शिखरावर जातो. म्हणून दुखणं सुरू होऊन पाच तास झालेल्या मुलाचा सीआरपी ४ आला तर त्यानं काहीही सिद्ध होत नाही. तोच ४ जर ३६ तासांनी आला तर मात्र गुंतागुंतीची शक्यता बरीच कमी होते. लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या वर गेला की गुंतागुंत डोक्यात ठेवावी, १०० च्या वर असेल तर ती आहे असं समजूनच पुढची तयारी करावी. २४ तासांच्या आतच ५० ओलांडला असेल तर तो अधिक गंभीर.

आता चुका. पहिली एककाची. काही लॅब लिटरमागे मिलिग्रॅम देतात, काही डेसिलिटरमागे. डेसिलिटरमागे ९.६ म्हणजे लिटरमागे ९६. सीमेवरच्या गावात एक रिपोर्ट चिक्कोडीचा, दुसरा कोल्हापूरचा असं होतंच. ‘९६ वरून साडेनऊवर आला, उतरला’ असं म्हणून मुलाला घरी नेण्याआधी आकड्यापुढचं एकक बघा.

दुसरी चूक काचपट्टीवरच्या लॅटेक्स टेस्टची. छोट्या लॅबमध्ये सीआरपी नुसता ‘पॉझिटिव्ह’ लिहून येतो. ही टेस्ट साधारण ६ मिलिग्रॅमला पॉझिटिव्ह होते. म्हणजे सर्दी-खोकल्याचा १२ आणि फुटलेल्या अपेंडिक्सचा १५० दोन्ही एकाच शब्दात. सीरम पातळ करत कुठपर्यंत पॉझिटिव्ह येतं ते विचारा. आठपट पातळ करूनही पॉझिटिव्ह असेल तर सहा आठे अठ्ठेचाळीस. आणि सीआरपी अतिशय जास्त असेल तर न पातळ केलेल्या सीरममध्ये ही टेस्ट उलट निगेटिव्हही दाखवते. मूल आजारी दिसतंय, पोट कडक आहे आणि लॅटेक्स निगेटिव्ह, तर तंत्रज्ञाला पातळ करून पुन्हा बघायला सांगायला संकोच नको.

सोडियम

हा आकडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. फुटलेल्या किंवा कुजलेल्या अपेंडिक्समध्ये शरीर पाणी धरून ठेवणारं संप्रेरक गरज नसताना सोडतं, त्यामुळे रक्तातलं सोडियम पातळ होतं. उलट्या आणि वरून पाजलेलं नुसतं पाणी त्यात भर घालतात. १३५ च्या खालचं सोडियम आणि चढलेला सीआरपी एकत्र दिसले तर गुंतागुंतीचा संशय पक्का होत जातो. गंमत अशी की ही तपासणी स्वस्त, जुनी, आणि बहुतेक ठिकाणी सलाईन ठरवायला केलेलीच असते, फक्त त्या नजरेनं कुणी बघत नाही. साखर फार वाढलेली असेल तर सोडियम खोटं कमी दिसतं, म्हणून वर ग्लुकोमीटर सांगितला.

याचा उपचाराशीही थेट संबंध आहे. अशा मुलाला आयसोलाइट-पीसारखं कमी सोडियमचं सलाईन लावलं तर सोडियम आणखी उतरतं आणि झटके येऊ शकतात. नॉर्मल सलाईन किंवा रिंगर लॅक्टेट, आणि गरजेप्रमाणे त्यात डेक्स्ट्रोज, हाच सुरक्षित मार्ग.

बाकीचे

बिलिरुबिन १ च्या वर गेलं तर आतड्यातल्या जंतूंचं विष यकृतापर्यंत पोचलं असावं, असा अर्थ लावतात. मोठ्यांमध्ये हा संकेत बरा, मुलांमध्ये दुबळा. उपाशी राहिल्यानं किंवा काविळीच्या साथीतही ते वाढतं. जंतुसंसर्गात वाढणारं प्रोकॅल्सिटोनिन ०.५ च्या वर असेल तर गुंतागुंत ओळखायला चांगलं, पण साधं अपेंडिक्स त्यातून निसटतं आणि खर्चही बराच. मोठ्या रुग्णालयात सहज होत असेल तर करावं, त्यासाठी गाडी थांबवू नये. ईएसआर फार सावकाश हलतो, इथं त्याचा उपयोग नाही.

विडालबद्दल थोडं रोखठोक. आपल्याकडे ताप आणि पोटदुखी म्हटलं की टायफॉइडची विडाल तपासणी होतेच, ती किंचित पॉझिटिव्ह येतेच, आणि टायफॉइडच्या गोळ्यांवर तीन दिवस निघून जातात. आजाराच्या पहिल्या आठवड्यातल्या एकट्या विडालवर विसंबू नये. टायफॉइडमध्ये पांढऱ्या पेशी सहसा नॉर्मल किंवा कमी असतात, डेंग्यूतही कमी. काउंट १८ हजार, न्यूट्रोफिल ८५ टक्के आणि उजव्या बाजूला हात लावू न देणारं पोट, याचा मेळ टायफॉइडशी बसत नाही.

गावात दिलेल्या इंजेक्शनचाही विचार करा. तापासाठी दिलेल्या सुईत डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) असेल तर न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात, आणि आपला भागाकार खोटा फुगतो. आधी दोन दिवस अँटिबायोटिक झालं असेल तर सगळेच आकडे दबलेले असू शकतात. म्हणून रिकामी स्ट्रिप, बाटली, चिठ्ठी, जे असेल ते सोबत न्या.

आकडे जोडायचे कसे

अपेंडिक्सच आहे का, यासाठी २००२ पासून वापरात असलेला मुलांचा अपेंडिसायटिस स्कोअर सोपा आहे. खोकल्यावर, उडी मारल्यावर किंवा बोटानं टकटक केल्यावर उजवीकडे दुखणं २ गुण, उजवीकडे खाली दाबल्यावर दुखणं २, आणि दुखणं सरकणं, भूक जाणं, मळमळ किंवा उलटी, ताप, १०,००० च्या वर काउंट, ७,५०० च्या वर न्यूट्रोफिल यांना प्रत्येकी १. एकूण १०. तीन किंवा कमी असेल तर शक्यता थोडी, सात आणि वर असेल तर जास्त, मधल्यांना सोनोग्राफी. न्यूट्रोफिलचा आकडा काढायला टोटल काउंटला टक्क्यानं गुणून शंभरानं भागायचं.

हा स्कोअर फुटलंय का ते सांगत नाही. त्यासाठी एकाच मुलाचे दोन कल्पित रिपोर्ट शेजारी ठेवून बघू. आठ वर्षांचं मूल, दुखून ८ तास: काउंट १३,२००, भागाकार ५.२, सीआरपी ६, सोडियम १३९. अपेंडिक्स असू शकतं, गुंतागुंत दिसत नाही, पण ८ तासच झालेत. उपाशी ठेवून, सलाईनवर, सहा ते बारा तासांनी पोट पुन्हा तपासायचं आणि सीबीसी-सीआरपी पुन्हा करायचं. तेच मूल ४० तासांनी: काउंट १७,८००, भागाकार १०.८, सीआरपी ९६, सोडियम १३२. चारही बोटं एकाच दिशेला आहेत. इथं सोनोग्राफीत ‘अपेंडिक्स दिसलं नाही’ असं आलं तरी निर्धास्त राहता येत नाही, कारण फुटलेलं आणि गॅसमागे दडलेलं अपेंडिक्स बऱ्याचदा दिसतच नाही. सोनोग्राफीवाल्याला ६ मिमीपेक्षा जाड नळी, आत अडकलेला खडा, भोवती पाणी किंवा पू आहे का, हे नेमकं विचारा.

उलट, ३६ तासांनंतरही काउंट, भागाकार, सीआरपी सगळं नॉर्मल असेल आणि मूल खेळतंय, खायला मागतंय, तर आतड्याजवळच्या गाठी सुजणं, कृमी, बद्धकोष्ठ ही कारणं आधी बघावीत. मुलगा असेल तर वृषणाला पीळ बसलाय का ते चड्डी काढून बघणं विसरू नये. तिथं तर रक्त काहीच सांगत नाही.

नुसत्या अँटिबायोटिकवर निभावेल का, असं घरचे विचारतात. २०२५ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत साध्या अपेंडिक्सच्या मुलांतही ही पद्धत वर्षभरात ३४ टक्के वेळा फसली, ऑपरेशनच्या गटात ७ टक्के. सीआरपी चढलेला किंवा खडा दिसत असेल तर हा पर्याय मनातून काढून टाकावा.

हलवायचं ठरलं तर

निपाणीहून कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ, खानापूरहून बेळगाव जवळ. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूनं पावसाळ्यात रस्त्याचा भरवसा नाही, म्हणून तिकडच्यांनी दुसऱ्या रिपोर्टची वाट न बघता उजेड असतानाच निघावं. आधी फोन करून मुलांचा सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता आहेत का, हे विचारा. वाहन नसेल तर १०८. बीपीएल रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या. महाराष्ट्रानं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना जाहीर केली आहे, कोल्हापूरकडे जाणाऱ्यांनी कुठली कागदपत्रं चालतात ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) पहिल्याच फोनवर विचारावं.

निघण्याआधी तोंडानं काही देऊ नये. मूल सुकलेलं असेल तर डॉक्टरांनी किलोमागे १० ते २० मिली नॉर्मल सलाईन देऊन, अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून देऊन मगच पाठवावं. वेदनेचं औषध दिल्यानं निदान लपतं, हा जुना समज सोडून द्यायला हवा. चिठ्ठीवर प्रत्येक आकड्यापुढं रक्त किती वाजता काढलं आणि दुखून किती तास झाले होते, ते लिहावं.

ऑपरेशननंतरही हा हिशेब चालू राहतो. चीर दिल्यानंच सीआरपी वाढतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखरावर जातो, त्यात घाबरण्यासारखं नाही. पुढं तो जवळजवळ दर दिवशी अर्धा होत उतरायला हवा. पाचव्या दिवशी उतरणं थांबलं किंवा पुन्हा चढला, ताप परत आला, मूल वारंवार थोडी-थोडी लघवी आणि शेंबडासारखी पातळ शी करायला लागलं, तर ओटीपोटात पू साठला असण्याची शक्यता आहे. तिथं जुलाब थांबवायचं औषध द्यायचं नाही, सोनोग्राफी करायची.